पाहून येणाऱ्यांचे शिक्षण



सैनिकी लेखनाच्या या संमेलनात एक खंत प्रथम मांडतो. आपल्या युद्धकथा चढाईपासून सुरू होतात. त्याआधी तीन-चार जवान काळोखात पुढे जाऊन, शत्रूचे मोर्चे पाहून, एकही गोळी न झाडता परतलेले असतात. त्यांच्यावर आपण ओळभरही लिहीत नाही. शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खबर काढणाऱ्या बहिर्जी नाईकांबद्दल जुन्या कागदांत किती थोडे सापडते, हे अभ्यासकांना ठाऊक आहेच.

टेहळणीचा जवान घडवायचा म्हणजे आधी त्याची नजर घडवायची. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो. मध्येच कुणी टॉर्च लावला की सगळे वाया. रात्री एखाद्या वस्तूकडे थेट रोखून पाहिले तर ती नाहीशी होते, कारण डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात. म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची. वर्गात हे पाच मिनिटांत सांगून होते. अंगवळणी पडायला मात्र कित्येक रात्री माळावर काढाव्या लागतात. मग स्मरणाचा सराव: दहा-वीस वस्तू मिनिटभर दाखवायच्या, झाकायच्या आणि आठवून सांगायला लावायचे. किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीवरून नाव पडलेला हा खेळ स्नायपरच्या प्रशिक्षणात आजही आहे. बेडन-पॉवेल यांनी हिंदुस्थानातल्या आपल्या घोडदळात निवडक शिपायांना टेहळणी शिकवली आणि १८९९ साली त्यावर पुस्तक काढले. ते लिहिले होते फौजेसाठी, पण इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांनी उचलले आणि पुढे त्यातून बालवीर चळवळ उभी राहिली.

आता कारगिल. मे १९९९च्या सुरुवातीला बटालिक भागात ताशी नामग्याल हे मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत होते. दुर्बिणीतून त्यांना डोंगरावर अनोळखी माणसे दिसली आणि त्यांनी ते लष्कराला कळवले. त्यांना कुणी टेहळणी शिकवली नव्हती. तो डोंगर रोजचा होता, म्हणून त्यावरचे नवे काही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्याच महिन्यात काकसर भागात गस्तीवर गेलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान शत्रूच्या हाती सापडले आणि जिवंत परतले नाहीत. पाहून येणे या कामाची किंमत काय असते, हे आपण त्यांच्यामुळे जाणतो.

आज पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये घातक प्लाटून असते, साधारण वीस जणांची. आपल्या बेळगावची कमांडो शाळा अशा जवानांना कसून तयार करते. तिथल्या मेहनतीबद्दल मला नितांत आदर आहे. पण प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पाठीवर वजन घेऊन धावणे घड्याळावर मोजता येते, म्हणून आपला भर त्यावर पडतो. परतल्यावर जवान काय सांगतो आणि कसे सांगतो, यालाही तितकेच गुण असायला हवेत. किती माणसे, कुठे, काय करत होती, किती वाजता, कोणती हत्यारे: हे पाहिलेले एकीकडे, आणि त्यावरून बांधलेला अंदाज निराळा. गस्तीतल्या प्रत्येकाला, अगदी नव्या शिपायालाही, वेगळे बसवून विचारा. हवालदारसाहेबांचे ऐकून झाल्यावर तो वेगळे काही बोलणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘साहेब, आम्ही तिथवर पोचलोच नाही’ असे म्हणणाऱ्या जवानाला शाबासकी मिळाली पाहिजे. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली की अहवालात कल्पना शिरते आणि दुसऱ्या रात्री तिच्या भरवशावर अख्खी कंपनी चढाईला निघते. ड्रोन आले तरी यात फरक पडत नाही. ढगांखाली, झाडीत, बंकरच्या आत काय आहे ते बघायला माणूसच जातो.

इथे निवृत्त सुभेदार आणि हवालदार मोठ्या संख्येने बसले आहेत. गोपनीयतेची मर्यादा सांभाळून तुमच्या गस्तींच्या हकीकती लिहून काढा, निष्फळ ठरलेल्याही. लिहिणे जमत नसेल तर या संमेलनात आलेल्या तरुण लेखकांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून सांगा. दुपारचे सत्र त्यासाठीच मोकळे ठेवले आहे.