एक मुक्काम, दोन वाटा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार बदल करून.)



कमिटीने मला विषय दिला आहे ‘साहसी पर्यटन आणि निवांत पर्यटन’. वेळ पंधरा मिनिटं. सेक्रेटरींनी हळूच बजावलंय की पंधरा म्हणजे पंधराच, कारण नंतर जेवण आहे आणि जिलेबी गरम आहे. तेव्हा मी मुद्द्यालाच हात घालतो.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. याचा सरळ हिशेब असा, की जे चाळिशीत इथे राहायला आले ते आज पासष्टीत आहेत, आणि जी मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडत होती, त्यांची मुलं आता तिथेच काचा फोडतायत. आपली पहिली सहल निघाली तेव्हा एक बस भरून माणसं उरली होती. आता सहलीचा मेसेज ग्रुपवर टाकला की तीन प्रकारची उत्तरं येतात. तरुण म्हणतात, ‘ट्रेक असेल तर येतो, नुसतं रिसॉर्टवर बसायला नको.’ मधले म्हणतात, ‘आठवडाभर लोकलने लटकतोच आहोत, दोन दिवस तरी कुठे चढायला लावू नका.’ आणि तिसरं उत्तर येतं ते असं, ‘तुम्ही सगळे जाऊन या हो. आमचं आता काही खरं नाही.’

मला आज बोलायचंय ते या तिसऱ्या उत्तरावर. कारण हे उत्तर देणारी माणसं कोण आहेत? पहिल्या सहलीच्या दिवशी पहाटे तीनला उठून सबंध बसचा उपमा ज्यांनी केला, ती ही माणसं आहेत. त्यांना फिरायचं नसतं, असं मुळीच नाही. आपल्यामुळे बाकीच्यांची अडचण होईल, बस थांबवावी लागेल, हे त्यांना नको असतं. आणि आपण काय करतो? ‘बरं, मग पुढच्या वेळी या’ म्हणतो आणि सीट भरून टाकतो. अशा पुढच्या वेळा आता किती राहिल्यात, याचा विचार आपण करत नाही.

गेली बरीच वर्षं नोकरी सांभाळून मी सह्याद्रीत भटकतोय. सोसायटीच्या सहलींची आखणीही अनेकदा माझ्याकडे आली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. साहस की आराम, असं आधी ठरवायचंच नाही. आधी मुक्काम ठरवायचा. मुक्काम असा निवडायचा की सकाळी तिथून दोन वाटा फुटतील आणि संध्याकाळी दोन्ही वाटांवरची माणसं एका पंगतीला बसतील. असे मुक्काम महाराष्ट्रात भरपूर आहेत. वेळेअभावी तीनच सांगतो.

पहिला भंडारदरा. डोंबिवलीहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी असं गेलं की साधारण चार तास. इथे प्रवरा नदीवर १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण आहे. धरणाचं पाणी आणि भोवतीचे डोंगर बघत खुर्ची टाकून बसलं तरी दिवस कसा जातो कळत नाही. आता वाटा बघा. ज्याला चढायचंय त्याच्यासाठी जवळच बारी गाव आणि तिथून कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. हवा स्वच्छ असेल तर समोर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही गड ओळीने दिसतात. ज्याला याहून जास्त हवंय त्याच्यासाठी रतनगड आहे, साम्रदजवळची सांदण दरी आहे. आणि ज्याला चढायचं नाही त्याने रतनवाडीला जावं. तिथलं अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ, त्यावरचं कोरीवकाम, बाजूची पुष्करणी. गाडी अगदी जवळपर्यंत जाते. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेलं असताना रंधा धबधबा आहे, तो लांबूनच बघण्यात मजा आहे.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आपण एकेचाळीस जण तिथे गेलो होतो, अनेकांना आठवत असेल. कळसूबाईला अठरा जण निघाले. त्यात एक नातू होता आणि त्याचे आजोबा होते. आजोबांनी निघतानाच सांगितलं, ‘मी पहिल्या शिडीपर्यंत. पुढे तुम्ही.’ नातू म्हणाला, ‘आबा, तिथे एकटे काय करणार?’ आबा म्हणाले, ‘तुझी वाट बघणार.’ आणि खरंच, पहिल्या शिडीपाशी ते थांबले. तिथे लिंबू सरबत विकणाऱ्या एका मावशींच्या ताडपत्रीखाली बसले. आम्ही वर जाऊन, फोटो काढून, दर्शन घेऊन तीन तासांनी खाली आलो, तोवर आबांना मावशींचं घर, शेत, नाचणीचं पीक, उन्हाळ्यात पाणी कुठून आणावं लागतं, मुलगा कोणत्या कॉलेजात आहे, सगळं माहीत झालं होतं. रात्री जेवताना आम्ही शिखराचं वर्णन करत होतो, पण सगळे ऐकत होते आबांचं. रतनवाडीला गेलेल्या मंडळींनी देवळाचं सांगितलं, शिखरावरच्यांनी वाऱ्याचं. कोणी काही चुकवलंय असं त्या पंगतीत कोणालाच वाटत नव्हतं. आबा आज आपल्यात नाहीत. तो नातू मात्र दरवर्षी मला विचारतो, ‘काका, भंडारदऱ्याला परत कधी?’

दुसरा मुक्काम मालवण-तारकर्ली. रात्री कोकणकन्येत बसलं की सकाळी कुडाळ, तिथून रस्त्याने मालवण. गुडघे दुखणाऱ्यांना बसपेक्षा रेल्वे केव्हाही बरी, पाय मोकळे करता येतात. इथलं साहस पाण्याखाली आहे. स्कूबा डायव्हिंगसाठी पोहता यायलाच हवं असं नाही. प्रशिक्षक सतत सोबत असतो, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची सवय करून घेतो आणि मगच खाली नेतो. पण दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब, कानाचं दुखणं असेल तर ते लपवायचं नाही. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे शौर्य नव्हे. ज्यांना पाण्याखाली जायचं नाही त्यांच्यासाठी कर्ली नदीची खाडी आहे. होडीत बसायचं, दोन्ही काठांची माडाची झाडं बघायची, देवबागला नदी समुद्राला मिळते तिथवर जायचं. आणि दोन्ही गटांनी मिळून बघायचा तो सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं. चहूकडे खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ज्यांना तटावरून फिरायचंय त्यांनी फिरावं, ज्यांना नाही त्यांनी शिवराजेश्वराच्या देवळात शांत बसावं. होडीत चढता-उतरताना मात्र आजी-आजोबांना दोन्ही बाजूंनी हात द्यायला एक-एक तरुण हवा. भर पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तेव्हा जायचं ते दिवाळीनंतर.

तिसरा रायगड. १९९६ पासून तिथे रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर पोचतो. ‘रोपवेने गेलं म्हणजे काय गड बघितला!’ असं नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, तुम्ही चित्त दरवाजाने पायऱ्या चढून या, घाम गाळा, जरूर गाळा. पण ज्या वयात राज्याभिषेकाची जागा बघताना डोळे भरून येतात, त्या वयात पायऱ्या चढवत नाहीत. त्यांना पाळण्यातून येऊ द्या आणि होळीच्या माळावर भेटा. वर पोचल्यावरही जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी इथपर्यंत बरंच चालायचं असतं, हे आधी सांगायला हवं. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद ठेवतात, तेव्हा हातात दुसरा बेत हवा. तो बेत पायथ्याशीच आहे. पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. अकरा दिवस. पाचाडच्या समाधीपाशी उभं राहून हे आठवलं की गडावर जायला न मिळाल्याची हळहळ राहत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात रायगडही आहे आणि सिंधुदुर्गही. म्हणजे गर्दी वाढणार. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

आता थोडं व्यवहाराचं. तरुणांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, वाटाड्या गावातलाच घ्यायचा. वाट तर कळतेच, शिवाय पैसे त्या गावात राहतात. दोन, परत फिरायची वेळ निघतानाच ठरवायची. समजा बाराला परतायचं ठरलं, तर शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी बाराला मागे वळायचं. तीन, पावसाळ्यात ओढा आणि धबधब्यापासून अंतर ठेवायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असतो आणि पाणी बघता बघता वाढतं. सांदण दरी पावसाळ्यात बिलकुल नाही, कारण ती पाण्याचीच वाट आहे. आणि दोर, होडी, पाण्याखालचे खेळ जिथे असतील तिथे चालकाकडे नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारायचं. साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं राज्याचं २०२१ चं धोरणच आहे. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर अडकवायचं नाही, पट्टे आवळायचे.

ज्येष्ठांसाठी आखणी करणाऱ्यांनाही तीन गोष्टी. खोल्या तळमजल्यावर आणि कमोड असलेल्या, हे बुकिंग करतानाच पक्कं करायचं. बस दर दोन तासांनी थांबणार, हे वेळापत्रकातच लिहायचं, म्हणजे कोणाला ‘जरा थांबवता का’ असं ओशाळून म्हणावं लागत नाही. आणि प्रत्येकाच्या औषधांची चिठ्ठी घरच्यांखेरीज आणखी एकाकडे असली पाहिजे. मधल्या वयाच्यांसाठी नियम एकच. सहलीत ऑफिसचा फोन उचलणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा!

शेवटी, कमिटीसमोर एक सूचना ठेवतो. दरवर्षी ऑफिसबाहेर सहलीचा कागद लागतो. त्यावर दोनच रकाने असतात, ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. यंदा तो कागद बदलूया. रकाने असे करूया : ‘शिखरापर्यंत’, ‘पहिल्या शिडीपर्यंत’, ‘देवळापर्यंत’, ‘मुक्कामावरच बसेन’. या चारही रकान्यांतली माणसं सहलीला आलेली असतील. मग ‘आमचं काही खरं नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी तो कागद कोणीतरी हातात घेऊन जावं. ग्रुपवर मेसेज टाकून भागणार नाही, जिना चढून जावं लागेल. सी विंगचे जिने माझ्याकडे. ए आणि बी कोण घेतंय, ते जिलेबी खाताना सांगा.