‘मुळे वास्तव नाहीत’ याच्या पुढे
(संस्थेच्या अभ्यासवर्गातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. अशा माणसाने संमिश्र संख्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण अभ्यासवर्गात रविवारी मुलांसोबत बसता बसता हे प्रकरण मी त्यांच्याबरोबरच शिकलो. त्यामुळे मुलांची गाडी नेमकी कुठे अडते, ते मला जवळून दिसले आहे. ते मांडण्याची संधी दिल्याबद्दल कार्यकारिणीचा आभारी आहे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले आपले मूल अकरावी विज्ञानला जाते आणि एका उन्हाळ्यात सारी पुस्तके इंग्रजी होतात. त्यातच हे प्रकरण समोर येते आणि त्यात ‘इमॅजिनरी’ हा शब्द. मूल मनात भाषांतर करते, काल्पनिक, म्हणजे खोटे. एक मुलगी मला म्हणाली, “काका, संख्याच जर काल्पनिक, तर उत्तर खरे कसे येणार?” प्रश्न अगदी रास्त आहे. याच सुमारास काही मुले गणित आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकतात आणि अभियांत्रिकीची वाट तिथेच सोडतात. एका शब्दाच्या भीतीने वाट सुटावी, हे मला पटत नाही.

त्या मुलीचा प्रश्न युरोपातल्या मोठमोठ्या गणितज्ञांनाही पडला होता. १५४५ साली इटलीच्या कार्दानोने आपल्या ग्रंथात विचारले, दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार चाळीस येईल. उत्तरात उणे पंधराचे वर्गमूळ आले. त्याने गुणाकार करून पाहिला, तो बरोबर चाळीस भरला. पण असल्या हिशेबाचा उपयोग काय, हे त्याला उमगले नाही. पुढे दलदलीतले पाणी काढण्याची कामे करणारा बोम्बेली नावाचा अभियंता आला. त्याचे पुस्तक १५७२ चे. त्याच्यासमोर समीकरण होते, क्षचा घन = १५ क्ष + ४. क्ष बरोबर ४ हे उत्तर तोंडी पडताळता येते. ६४ म्हणजे ६० अधिक ४. पण सूत्राने गेले की मध्येच उणे १२१ चे वर्गमूळ उभे राहते. बोम्बेलीने ते टाकून दिले नाही. उणे एकच्या वर्गमूळाला आपण आज ‘आय’ म्हणतो. (२ + आय) चा घन २ + ११ आय येतो, आणि (२ − आय) चा घन २ − ११ आय. म्हणजे सूत्रातली दोन घनमुळे झाली २ + आय आणि २ − आय. बेरीज करा, आय कटतो आणि ४ उरतात. वाट काल्पनिक संख्येतून गेली, पण मुक्कामाला खरी संख्याच आली. मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आता तुमच्या वहीकडे येऊ. दहावीत विवेचक ऋण आला की आपण लिहितो, ‘मुळे वास्तव नाहीत’, आणि पुढचे गणित घेतो. अकरावी याच ओळीपासून सुरू होते. क्षवर्ग − ४ क्ष + १३ = ० मध्ये विवेचक उणे ३६, म्हणून मुळे २ + ३ आय आणि २ − ३ आय. बेरीज ४, गुणाकार १३. पडताळा जुनाच. भागाकारातही नवे काही नाही. नववीत करणीच्या छेदाचे परिमेयीकरण करताना अनुबद्ध जोडीने गुणायचो. इथेही तेच करायचे. (३ + ४ आय) ला (१ − २ आय) ने भागायचे तर वर-खाली (१ + २ आय) ने गुणा. छेदात ५ येतात, अंशात −५ + १० आय, उत्तर −१ + २ आय. ही युक्ती तुम्ही मराठीतून आधीच शिकला आहात, फक्त पुस्तकात तिचे नाव बदलले आहे.

पण माझ्या मते खरी किल्ली आकृतीत आहे, आणि क्लासवाले घाईत नेमकी तीच गाळतात. आलेख कागदावर ३ + ४ आय हा बिंदू घ्या, आडवे ३, उभे ४. त्याला आयने गुणा, −४ + ३ आय येतो. दोन्ही बिंदू शून्याला जोडा. मधला कोन काटकोन. आयने गुणणे म्हणजे डावीकडे पाव फेरा वळणे. कवायतीत दोनदा डावीकडे वळले की तोंड मागे होते. आयचा वर्ग उणे एक होतो तो असाच. यात काल्पनिक काय आहे? ही आकृती १७९७ साली डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली ती वेसेल नावाच्या जमीनमोजणीदाराने. निबंध डॅनिश भाषेत होता, म्हणून शंभर वर्षे कोणी फारशी दखल घेतली नाही. १८९७ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले तेव्हा तो जगापुढे आला. भाषेची ही अडचण आपल्याच मुलांची आहे असे नाही!

या आकृतीचा परीक्षेत काय फायदा? (१ + आय) चा विसावा घात काढा, असा प्रश्न येतो. द्विपदी विस्ताराला बसलात तर एकवीस पदे. त्याऐवजी आधी वर्ग करा. १ + २ आय − १, म्हणजे नुसते २ आय. त्याचा दहावा घात १०२४ गुणिले आयचा दहावा घात. दर चार पावलांनी आय मूळ जागी येतो, म्हणून दहावा घात उणे एक. उत्तर −१०२४. आकृतीने ताळा घ्या. (१ + आय) ची दिशा ४५ अंश. वीस पट ९०० अंश, म्हणजे दोन पूर्ण फेरे आणि वर १८० अंश. तोंड मागे, म्हणून चिन्ह उणे. बँकेत आम्ही जमा आणि नावे दोन्हीकडून बेरीज जुळवतो, तसेच हे.

हे निव्वळ परीक्षेपुरते आहे असेही नाही. घरात येणारी वीज उलटसुलट वाहणारा प्रवाह आहे. त्याचे हिशेब संमिश्र संख्यांनी सोपे होतात, हे स्टाइनमेट्झ या अभियंत्याने १८९३ साली दाखवले. तुमच्यापैकी कोणी विद्युत शाखेला गेलात तर तिथे आयला ‘जे’ म्हणतात, कारण आय हे अक्षर विद्युतप्रवाहाने आधीच अडवले आहे. तेव्हा दचकू नका.

एकाच्या घनमुळांवर बोलायचे राहिले. ते पुढच्या रविवारी फळ्यावर घेऊ. तोवर आलेख कागद आणा आणि (१ − आय) चा सोळावा घात काढून ठेवा. यावेळी फेरे उजवीकडून मोजायचे आहेत.