कोणाचं पाप?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात मी येशूविषयी बोलले होते. देव प्रेम करणारा बाप आहे असं म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाली, "ताई, तुमचा देव एवढा मायाळू, तर माझं लेकरू का नेलं? सासू म्हणते, माझ्याच पायगुणानं गेलं." मग रडायला लागली आणि फोन ठेवला.

तिला उत्तर द्यायला मी महिना लावला. पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे होतं, नाही असं नाही. पण ते उत्तर एकदा मलाही मिळालं होतं आणि तेव्हा ते मला कसं लागलं होतं ते मी विसरले नाही.

माझी दुसरी मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली. १९८४ चा पावसाळा. दोन दिवस जुलाब, उलट्या. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू बसली, रडली तर डोळ्यांत पाणी येईना. ओढ्याला पूर होता, गाडी नव्हती. दवाखान्यात पोचायच्या आत माझ्या मांडीवरच गेली.

मग माणसं भेटायला आली. एक म्हणाली, देवाला फुलं आवडतात, चांगलं फूल त्यानं तोडून नेलं. दुसरी म्हणाली, देव परीक्षा बघतो. गल्लीतल्या एका आजीनं विचारलं, पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का? आणि आमच्या मंडळीतल्याच एक बाई, दर रविवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "प्रार्थनेत कुठं तरी कमी पडलीस गं." बघा, धर्म दोन, पण बोट एकीकडेच.

त्या वाक्यानं मी दोन वर्षं जळत होते. रात्री उठून हिशेब मांडायची. कधी खोटं बोलले, कधी सासूला उलटून बोलले, कधी उपासनेला गेले नाही. आई होती ती दोषी ठरली, आणि दोषी ठरवायला दुसरं कोणी लागलंही नाही.

म्हणून आज आधी पापाचा प्रश्न घेते, कारण "देव दुःख का देतो" असं आपण विचारतो तेव्हा मनात बहुतेक वेळा "माझं काय चुकलं" हेच असतं.

येशूला हा प्रश्न लोकांनी सरळ विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात ती गोष्ट आहे. वाटेत जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी दिसला. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? बिचारा तिथंच बसलाय, त्याला ऐकू येतंय. डोळ्यांनी आंधळा होता, कानांनी नाही. येशूनं सांगितलं, ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. पुढं तो म्हणतो की ह्याच्या ठायी देवाचं काम दिसावं. ह्या वाक्यावर मी बरीच वर्षं अडखळत होते. देवाला काम दाखवायचं म्हणून एका पोराला जन्मभर आंधळं ठेवायचं? मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्य म्हणून येशू तिथं थांबला नाही. जमिनीवर थुंकला, माती कालवली, ती त्याच्या डोळ्यांना लावली आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये म्हणाला. शिष्य मागचं कारण विचारत होते, आणि ह्यानं हात चिखलात घातले. पुढं गावातल्या मोठ्या लोकांनी त्या माणसाला, तू तर पापातच जन्मलास असं म्हणून हाकलून दिलं, तेव्हा येशू स्वतः त्याला शोधत गेला.

दुसरी गोष्ट लूकच्या तेराव्या अध्यायातली. शिलोहाजवळचा एक बुरूज कोसळला आणि अठरा माणसं मेली. येशूनं लोकांना विचारलं, ती अठरा माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगितलं, नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच बजावलं की तुम्ही आपापलं मन बघा, आपापलं मन बदला.

हे वाचताना मला किल्लारी आठवते. तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या बायांना ती पहाट आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारो माणसं गेली. तेव्हाही आमच्याकडे काही जण म्हणत होते, तिथं पाप फार वाढलं होतं. कसलं पाप? तान्ह्या लेकरांचं? दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचा भार, ते अंगावर आलं म्हणून माणसं गेली. शेजारच्या गावात एखादं घर उभं राहिलं ते काही पुण्यवंताचं होतं म्हणून नाही.

माझ्या मुलीचंही तसंच. तिच्या अंगातलं पाणी आणि मीठ संपलं म्हणून ती गेली. पुढं मी अंगणवाडी सेविका झाले तेव्हा पहिल्या प्रशिक्षणात हे शिकवलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आता तर आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते आणि झिंकच्या गोळ्याही मिळतात. प्रशिक्षणातून घरी आले आणि चुलीपुढं बसून खूप रडले. साखर-मीठ तर त्या दिवशीही घरात होतं.

लोक मला म्हणतात, बघ, देवाची योजना. मुलगी गेली म्हणून तू सेविका झालीस, किती लेकरं वाचवलीस. मी हे मान्य करत नाही. पास्टरांसमोरही केलं नाही. एक मुलगी घेऊन दुसऱ्याची मुलं वाचवायची, असला सौदा माझा देव करत नाही. जे वाईट झालं ते वाईटच होतं. त्या वाइटातून पुढं त्यानं माझा हात धरून काही करवून घेतलं, एवढं मी मानते. ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

आमच्या शास्त्रात ईयोबाचं एक आख्खं पुस्तक ह्याच प्रश्नावर आहे. ईयोब ऊस देशातला. (आपल्या उसाशी काही संबंध नाही, तिथं उंट आणि मेंढरं होती.) सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, सात मुलगे, तीन मुली, आणि माणूस सज्जन. एका दिवसात सगळं गेलं, मग अंगभर फोड आले, राखेत बसून खापरीनं खाजवत होता. तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. आठव्या दिवसापासून तोंड उघडलं आणि एकच पालुपद, तुझं काही तरी पाप असणारच. ईयोब चिडला, देवाशी भांडला, मला उत्तर दे म्हणाला. शेवटी देव बोलला, पण दुःखाचं कारण त्यानं सांगितलं नाही. समुद्र, तारे, जंगली जनावरं, हे सगळं कोणी केलं ते विचारलं. पण मित्रांवर मात्र तो रागावला. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं म्हणाला. म्हणजे देवाशी भांडणारा बरोबर ठरला आणि देवाची बाजू घेऊन दुःखी माणसाला टोचणारे चुकले.

ह्या पुस्तकात ईयोबाची बायकोही आहे. तिला एकच वाक्य मिळालंय, आणि त्यावरून उपदेशक तिला आजवर नावं ठेवतात. अहो, दहा लेकरं तिचीही गेली होती! तिला भेटायला कोण आलं होतं?

आता दुसरं. सगळंच दुःख भूकंपासारखं नसतं. बरंच दुःख माणूस माणसाला देतो. नवरा दारू पिऊन मारतो, दीर वाट्याचं रान लिहून घेतो, सावकार लुबाडतो. आमची शिकवण अशी की देवानं माणसाला मन दिलंय, बरं-वाईट निवडायची मोकळीक दिलीय. जबरदस्तीनं चांगलं वागवलं तर ते चांगुलपण कसलं? हे मला पटतं. पण ह्यानं दारुड्याचा उलगडा होतो, जुलाबानं गेलेल्या लेकराचा होत नाही, हेही सांगते.

आणि इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण आमच्याच लोकांकडून ही चूक होते. मार खाणाऱ्या बाईला म्हणतात, हा तुझा क्रूस आहे, येशूसारखा सोस. नाही! येशूनं क्रूस स्वतः होऊन उचलला, त्याला कोणी "नांदायला जा" म्हणून परत पाठवला नव्हता. मारणारा हात देवाचा नाही, ते मारणाऱ्याचं पाप आहे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे. जीवावर बेतत असेल तर ११२ लावा. त्यानं तुमची श्रद्धा कमी होत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. आयुष्यभर तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, दानधर्म. आणि दुष्काळात त्या घरातले वडील, आई, थोरली बहीण पाठोपाठ गेले. त्या धर्मशील कुटुंबाचं काय पाप होतं सांगा. पुढं भाऊ गेला. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्या म्हणून दुःख संपलं का? नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई.

ह्या बाईनं उपासमार स्वतः भोगली होती. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या, टाकलेल्या मुलींना शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. तुझ्या कोणत्या कर्माचं हे फळ, असं विचारत बसल्या नाहीत. विहिरी, शेती, हातमाग, छापखाना, सगळं बायका चालवत होत्या. आंधळ्या बायकांनाही शिकवलं. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम करत होत्या. आपल्यासारख्या बायांना वाचता यावं म्हणून.

आता फोन केलेल्या माझ्या बहिणीसाठी बोलते. बाई, ऐकत असशील तर ऐक. तू मला जे विचारलंस तेच बेथानी गावच्या मार्थेनं येशूला तोंडावर विचारलं होतं. तिचा भाऊ लाजर आजारी होता, निरोप धाडला होता, येशू उशिरा आला, भाऊ गेला. ती वाटेतच गाठून म्हणाली, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूनं तिला दटावलं नाही. थोड्या वेळानं लाजराला तो उठवणारच होता, तरी त्या बहिणींना रडताना बघून तोही रडला. आणि क्रूसावर त्यानंही विचारलं की देवा, मला का सोडलंस. तेव्हा आभाळातून उत्तर आलं नाही. आम्ही ज्याला देव म्हणतो त्यानं हा "का" स्वतःच्या तोंडानं विचारलाय, म्हणून तू विचारलंस त्यात मला काही वावगं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला असा आमचा विश्वास आहे, आणि माझी मुलगी मला भेटेल असाही. विश्वास म्हणते. पुरावा मागितलास तर माझ्याजवळ नाही.

तुझं लेकरू का गेलं ते मला ठाऊक नाही. तुझ्या पायगुणानं गेलं नाही, हे ठाऊक आहे. तुझ्या सासूबाई ऐकत असतील तर त्यांनाही सांगते, आत्याबाई, नातवंड तुमचंही गेलंय. सुनेला बोलून ते दुःख हलकं होत नसतं, मी बघितलंय.

गटातल्या बायांनो, तुमच्या गावात अशी कोणी असेल तर बैठक झाल्यावर दोघी-तिघी तिच्याकडे जा. काय बोलायचं सुचलं नाही तर चहा करा, घागरभर पाणी आणून द्या, थोडा वेळ नुसत्या बसा. लेकराचं नाव घेतलं तर घाबरू नका. माझ्या मुलीचं नाव लोकांनी घ्यायचंच सोडलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाई, तू पुन्हा फोन कर. रेडिओच्या ताईंकडे माझा नंबर आहे. ह्या वेळी नाव सांग, तुझं आणि लेकराचंही.