चाळीस एकरांचे वचन

जमिनीच्या व्यवहारात कब्जा आणि मालकी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शेत कोण नांगरतो हे बांधावर उभे राहून दिसते. ते कोणाचे आहे हे दप्तर उघडल्यावाचून कळत नाही. ज्यांचा महसूल-दप्तराशी थोडाबहुत संबंध आला आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेच्या इतिहासाकडे आज याच एका भेदाच्या वाटेने पाहावे, असा माझा विचार आहे. त्या देशाने १८६० ते १८७० या दशकात दोन प्रकारच्या माणसांना जमिनीचे वचन दिले. एका वचनाचा कागद पुरा झाला, दुसऱ्याचा अर्धाच राहिला. आणि त्या अर्ध्या कागदाची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.

प्रारंभी थोडे मागे गेले पाहिजे. इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे झाली. जमीन अफाट आणि राबणारे हात थोडे, ही तेथील पहिली अडचण. म्हणून १६१८ पासून नियम झाला, की जो कोणी स्वतःच्या खर्चाने एक माणूस समुद्रापलीकडून आणील, त्याला त्या माणसामागे ५० एकर जमीन मिळावी. पुढच्याच वर्षी, १६१९ मध्ये, वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान त्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. जसजशी गुलामगिरी कायद्याने पक्की होत गेली, तसतसा हा नियम त्यांनाही लागू झाला. म्हणजे गुलाम आणणाऱ्याला गुलाम तर मिळेच, शिवाय त्याच्या डोक्यामागे जमीनही मिळे. जमिनीचा आणि गुलामगिरीचा संबंध असा अगदी पहिल्या पानापासूनचा आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या राष्ट्राने १७८५ साली जमीन-मोजणीचा कायदा केला. पश्चिमेकडची सारी जमीन सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत पाडावयाची. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. आणि त्यांतील सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवावयाचा. नकाशावर आखलेल्या या रेघा आजही विमानातून खाली पाहताना शेतांच्या आकारांत दिसतात. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैलांचा मुलूख दीड कोटी डॉलरांना विकत घेतला गेला, १८४८ मध्ये मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रदेश हाती आला, आणि ही चौकोनांची जाळी थेट पॅसिफिक महासागराकडे निघाली.

परंतु हा मुलूख ओसाड नव्हता. त्यात शेकडो मूळ जमाती पिढ्यानपिढ्या राहत होत्या. १८३० च्या कायद्याने आग्नेयेकडील जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा अधिकार सरकारने घेतला. चेरोकी लोकांनी स्वतःची लिपी निर्माण केली होती, वर्तमानपत्र काढले होते, लेखी घटना केली होती. न्यायालयातही त्यांनी आपली बाजू मांडली होती. तरीही १८३८–३९ च्या हिवाळ्यात त्यांना घरादारांतून काढून पश्चिमेकडे चालवत नेण्यात आले. त्या प्रवासात आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मरण पावली, असे साधारणपणे मानले जाते. कब्जा त्यांचा होता. मालकीचा कागद मात्र दुसऱ्याच्या दप्तरात तयार होत होता.

रिकाम्या केलेल्या या जमिनीवर कापूस आला. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि कापसाची लागवड दक्षिणेत झपाट्याने पसरली. १७९० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे सात लाख होती; १८६० मध्ये ती चाळीस लाखांच्या घरात गेली. पश्चिमेकडच्या नव्या जमिनीवर गुलामगिरी न्यावी की नाही, या प्रश्नावर उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे वितुष्ट आले, त्यातून १८६१ साली यादवी युद्ध पेटले. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे त्यात कामी आली.

युद्ध ऐन भरात असताना २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्याचे मर्म सोपे होते. कुटुंबप्रमुखाने वा प्रौढ नागरिकाने किरकोळ फी भरून सरकारी जमिनीचे १६० एकर मागून घ्यावे, त्यावर घर बांधावे, पाच वर्षे राहून ती कसावी. पाच वर्षांनी सरकार मालकीची सनद देईल. पुढील काळात या कायद्याने सुमारे १६ लाख लोकांना मिळून २७ कोटी एकर जमीन दिली. त्यांत युरोपातून नुकतेच उतरलेले गरीब शेतकरीही होते. कब्जातून मालकीकडे जाण्याचा असा सरळ, लेखी आणि मुदतबंद मार्ग फार थोड्या सरकारांनी रयतेला दिला असेल. हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र ती जमीन ज्यांच्याकडून आली त्यांचे विस्मरणही होऊ देता कामा नये.

आता दुसऱ्या वचनाकडे वळू. युद्धाच्या अखेरीस जनरल शर्मन यांचे सैन्य जॉर्जिया पार करून सव्हाना शहरात पोचले. त्यांच्यामागे मुक्त झालेल्या गुलामांचे तांडेच्या तांडे चालत आले होते. त्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न होता. १२ जानेवारी १८६५ रोजी शर्मन आणि युद्धमंत्री स्टॅन्टन यांनी शहरातील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून त्यांनाच तो प्रश्न विचारला. सर्वांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझर बोलले. आयुष्याचा बहुतेक काळ ते गुलाम होते आणि स्वतःची किंमत मोजून त्यांनी स्वतःला सोडवून घेतले होते. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की आम्हांला जमीन द्या. आमच्या श्रमाने आम्ही ती पिकवू आणि स्वतःचा भार स्वतः वाहू.

अवघ्या चार दिवसांनी शर्मन यांचा पंधरा क्रमांकाचा आदेश निघाला. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटे, आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची नदीकाठची भातखाचरे मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आली. प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर मिळावयाचे होते. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा वाक्प्रचार येथूनच निघाला. आदेशात खेचराचा उल्लेख नव्हता. सैन्याकडची काही खेचरे पुढे लोकांना मिळाली, एवढेच. १८६५ च्या जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे चार लाख एकरांवर वसली. त्यांनी नांगरट केली, पेरण्या केल्या, शाळा सुरू केल्या.

येथे दप्तरात डोकावणे जरूर आहे. शर्मन यांच्या आदेशाने दिला होता तो कब्ज्याचा लेख, आणि तोही काँग्रेस कायमची व्यवस्था करीपर्यंत. मालकीची सनद त्यात नव्हती. मार्चमध्ये मुक्त झालेल्या लोकांसाठी जे सरकारी खाते स्थापन झाले, त्याच्या कायद्यातही चाळीस एकर तीन वर्षे खंडाने देण्याची आणि नंतर सरकारला जो हक्क देता येईल तोच विकत देण्याची भाषा होती. ‘सरकारला जो हक्क देता येईल’ या चार-पाच शब्दांच्या फटीतून साऱ्या वचनाला गळती लागली.

१४ एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे रोजी बंडखोरांना माफी देणारा जाहीरनामा काढला. माफीबरोबर मालमत्तेचे हक्कही परत मिळावयाचे होते. गुलाम मात्र त्यातून वगळले होते. मोठ्या जमीनदारांना वेगळा अर्ज करावा लागे, पण असे अर्ज हजारोंनी मंजूर झाले. मुक्त लोकांच्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांनी जमिनी राखण्याचा प्रयत्न केला. तो हुकूम अध्यक्षांनी मागे घ्यावयास लावला.

मग ऑक्टोबरमध्ये हे वर्तमान लोकांना सांगण्याचे काम हॉवर्ड यांच्याच वाट्याला आले. एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये शेकडो माणसे जमली. युद्धात उजवा हात गमावलेला हा सज्जन सेनानी त्यांच्यापुढे उभा राहिला आणि जुन्या मालकांशी समेट करा, असे त्याला सांगावे लागले. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला या प्रसंगाची व्यथा विशेष कळते. ज्या हुकुमाला आपले मन संमती देत नाही, तो हुकूम ज्यांच्यावर अन्याय होणार त्यांनाच वाचून दाखवण्याची पाळी येणे, याहून कठीण नोकरी नाही. बेटावरच्या लोकांनी समिती नेमून हॉवर्ड यांना उत्तर लिहिले. त्याचा आशय असा होता: तुम्ही युद्धात एक हात गमावला, म्हणून तुम्हांला क्षमा करणे जमेल; पण ज्याने मला झाडाला बांधून फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला फटकावले, आणि जो आता त्याच्या अटींवर राबल्याशिवाय मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी कशी क्षमा करू? जमीन नसेल तर आमचे स्वातंत्र्य कोणत्या पायावर उभे राहील, हेच ते विचारीत होते.

काँग्रेसमध्ये हा प्रश्न कोणी ओळखलाच नाही, असे नाही. पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स यांनी मोठ्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून प्रत्येक मुक्त कुटुंबप्रमुखाला चाळीस एकर द्यावेत, असे मांडले. पण खाजगी मालमत्तेला हात घालण्यास उत्तरेतील सुधारकही कचरले. १८६६ मध्ये दक्षिणेतील पाच राज्यांतल्या सरकारी जमिनीसाठी वेगळा होमस्टेड कायदा झाला खरा. पण त्यातील पुष्कळ जमीन दलदलीची आणि दाट रानाची होती. बैल नाही, बी नाही, पहिले पीक हाती येईपर्यंत पोटाला काही नाही, अशा माणसाने रान तोडावे कसे? दहा वर्षांनी तो कायदाही रद्द झाला. याच सुमारास रेल्वे कंपन्यांना मात्र दहा कोटी एकरांहून अधिक जमीन सरकारने देऊन टाकली.

या पुनर्रचनेच्या काळाने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्यांनी, १८६५ ते १८७० या अवधीत, गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सेनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी राहिली. दक्षिण कॅरोलिना राज्याने जमिनी विकत घेऊन सुमारे चौदा हजार कुटुंबांना हप्त्यांनी दिल्या; इच्छा असेल तर काय करता येते, याचे ते उदाहरण आहे.

पण बहुसंख्यांच्या वाट्याला आली ती बटाईची शेती. जमीन मालकाची, बहुधा अवजारे आणि बीही त्याचेच, राबणे कुळाचे. पिकाचा अर्धा वा त्याहून मोठा हिस्सा मालकाचा. वर्षभराचे धान्य-कापड गावच्या दुकानदाराकडून उधारीने घ्यावयाचे आणि तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावयाचे. दुकानदार सांगे, कापूसच लाव. कारण त्याचेच रोख पैसे होत. हिशेबाची वही त्याच्याकडे, आणि कुळाला अक्षरओळख नसे. हंगामाच्या शेवटी बाकी निघे ती कुळाच्याच नावावर. ज्याचे घर आणि भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचे मतही मर्जीवरच राहते. दहशत आणि खून यांची भर होतीच. १८७७ मध्ये राजकीय तडजोडीने केंद्राच्या फौजांनी पाठ फिरवली, आणि थोड्याच वर्षांत घटनेने दिलेला मताधिकार बहुतेक ठिकाणी हिरावला गेला. तो कायद्याने पुन्हा पक्का व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले.

श्रोतेहो, या कथेचे दोन धागे आपल्या मुलखापर्यंत आले आहेत. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला आणि पेढ्या बुडाल्या. भाव पडले, पण दख्खनच्या शेतकऱ्याने तेजीत काढलेले कर्ज तसेच राहिले. त्या कर्जाला वाढत्या सरकारी साऱ्याची जोड मिळाली, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या दप्तरांवर चाल केली. त्यांनी शोधून जाळले ते कर्जरोखे. कागदाचे सामर्थ्य त्यांनी अचूक ओळखले होते. दुसरा धागा जोतीराव फुले यांचा. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल अर्पण केला. आणि दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. बेडी तुटल्यानंतर कर्ज आणि जमीन यांचा प्रश्न उभा राहतो, हे त्यांना अमेरिकेचे दप्तर न चाळताही दिसले होते.

१९१० च्या सुमारास दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने आपल्या नावावर काही जमीन केली होती. कोणाचे वचन पाळले गेले म्हणून ती मिळाली नव्हती. एकेक डॉलर साठवून त्यांनी ती विकत घेतली होती. सव्हानाच्या त्या बैठकीत फ्रेझर यांनी मागितले होते ते याहून अधिक नव्हते. जमीन पिकवण्याची धमक त्यांच्या लोकांत होती; सरकारने द्यावयाचा होता तो फक्त एक पुरा कागद.