शेकडा पंचवीस
(वार्षिक संमेलनातील भाषण)



व्याजाचा शेकडा मोजण्यात आपल्यापैकी सहसा कोणी चुकत नाही. परंतु हाच शेकडा पुढे काय घडेल याचा अंदाज सांगू लागला, म्हणजे शहाणीसुरती माणसेही फसतात, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात पहिले मूल थॅलेसेमियाचे निघाले. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागे. आईबाप दोघेही निरोगी, पण दोघेही या दोषाचे वाहक. ‘चारांत एक मूल आजारी होण्याचा संभव,’ असे डॉक्टरांनी सांगितले. वडीलधाऱ्यांनी हिशेब केला : एक झाले, आता पुढची तीन निर्धास्त! दुसरे मूलही आजारीच जन्मले.

चूक कोठे झाली? शेकडा २५ हा वाटून संपणारा वाटा नव्हे. तो प्रत्येक गर्भारपणी नव्याने उभा राहतो. अशा १०० दांपत्यांना प्रत्येकी दोन मुले झाली, तर सुमारे ५६ घरांत दोन्ही मुले या आजारातून सुटतील. उरलेल्या ४४ घरांत निदान एक तरी आजारी असेल. आपले घर त्यांपैकी कोणते, हे मात्र शेकडा सांगत नाही.

आता ज्ञातीचा विचार करू. भारतात वाहकांचे प्रमाण सरासरी शेकडा ३ ते ४ मानतात; काही ज्ञातींत ते अधिक आहे. शेकडा ४ धरल्यास १०,००० विवाहांपैकी सुमारे १६ विवाहांत वधू आणि वर दोघेही वाहक असतील. जेथे प्रमाण शेकडा १० आहे आणि सोयरीक ज्ञातीतच होते, तेथे असे विवाह १०० होतील. प्रमाण अडीचपट, पण संकट सहापटीहून अधिक!

म्हणून आमची विनंती एवढीच, की पत्रिकेचे गुण जुळविण्याआधी वधूवरांच्या रक्ताची तपासणी व्हावी. वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर नव्हेच. दोघांपैकी एकाचे रक्त या बाबतीत निर्दोष असेल, तर मुलांना हा आजार होत नाही. ज्यांचे विवाह झाले आहेत, त्यांच्यासाठी गर्भावस्थेतील तपासणीचीही सोय आहे. आणि मूल आजारी निघालेच, तर केवळ सुनेला बोल लावू नये. हा दोष दोन्हीकडून आल्यावाचून आजार होत नाही.

हिशेबी म्हणून आपली ख्याती आहे. तो हिशेब लेकरांच्या कामी यावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.