पांझरेचे पाणी

मंडळी, आज नदीविषयी चार गोष्टी बोलू.

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दोन काठ आणि मधून वाहणारे पाणी. पण नदी तेवढीच नव्हे. डोंगरावर पाऊस पडतो. ते पाणी ओघळीतून नाल्यात येते, नाल्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. अशी जेवढ्या जमिनीवरची पाणी उतरून एका नदीला मिळते, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचे खोरे. तुमचे शेत काठापासून तीन कोस लांब असेना का, ते कुठल्या तरी खोऱ्यात आहेच.

धुळे जिल्ह्यातली पांझरा घ्या. पिंपळनेरच्या वर सह्याद्रीत ती उगम पावते. वाटेत कान नदी तिला मिळते. मग ती धुळे शहरातून पुढे जाते आणि तापीला मिळते. या पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून एक रीत चालत आली. तिला फड म्हणतात. हा फड तमाशाचा नव्हे, कुस्तीचाही नव्हे. हा पाण्याचा फड!

नदीवर दगडी बंधारा घालायचा. तिथून कालवा काढायचा. पाणी उताराने आपोआप शेतात जाते. मोट नको, इंजिन नको. कालव्याखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग करायचे. एकेक भाग म्हणजे एकेक फड. एका फडात सगळ्यांनी ऊस लावायचा. दुसऱ्यात सगळ्यांनी दुसरे एखादे पीक घ्यायचे. एक फड पडीक ठेवायचा. वर्ष फिरले की पीक फिरले.

आता गंमत बघा. एकाच शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत. त्यामुळे एखाद्या फडाला पाणी मिळाले नाही, तर झळ एकट्याला लागत नसे. सगळ्यांना थोडी थोडी लागे. पाणी कमी आले तर पंच बसून ठरवीत, की यंदा इतकेच फड भिजवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. त्यांना सुगीत धान्य मिळे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. कालव्यातला गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा. कागदावरचे कायदे पुष्कळ असतात, पण ही रीत लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी पाळली!

मग बिघडले कुठे? वरच्या अंगाला धरणे झाली. त्यांचा उपयोग झाला, नाही असे नाही. पण खालच्या बंधाऱ्यांवर येणारे पाणी घटले. पुढे घरोघरी विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी बसल्या. ज्याची मोटार मोठी, त्याचे पाणी जास्त. ज्याला त्याला ऊस हवा. ऊस शेतात वर्षभर उभा असतो, ज्वारी चार महिन्यांत निघते. उसाच्या एका एकराला लागणाऱ्या पाण्यात ज्वारीचे तीन-चार एकर सहज निघतील.

कुणी म्हणेल, "विहीर माझी, जमीन माझी. मी माझं पाणी उपसतो. तुमचं काय जातं?"

बाबा रे, विहिरीच्या पाण्याला बांध नसतो. ते जमिनीच्या पोटातून हळूहळू सरकते आणि नदीला मिळते. म्हणून तर पाऊस थांबल्यावरही नदी वाहती राहते. तू रात्रभर उपसलेस, की खालच्या गावच्या बाईला एप्रिलात हंडा घेऊन दोन मैल चालावे लागते. ती तुला ओळखतही नाही. भांडायचे तरी कुणाशी तिने?

आता वर डोंगराकडे बघू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी झाले? सुमारे एक लाख लिटर! डोंगर उघडा असेल तर हे पाणी माती घेऊन धावत सुटते. तीच माती खाली बंधाऱ्यात गाळ होऊन बसते. डोंगरावर झाडे आणि गवत असेल तर पाणी थांबते, मुरते. याच साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. 1990 नंतरच्या काळात तिथल्या लोकांनी ठरवून जंगल राखले. आज ते 400 हेक्टरांवर, म्हणजे हजार एकरांवर आहे. तिथले चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली.

म्हणजे डोंगरावरच्या माणसाची कुऱ्हाड, मधल्या माणसाची मोटार आणि खालच्या बाईचा हंडा, ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. डोंगर राखणाराला खालच्या बागायतदाराने काही द्यावे की नाही? मला वाटते, द्यावे. जागल्याला धान्य देत होतो की! पण यावर तुम्ही बोला.

तोवर एक काम करू. दसऱ्याच्या आत प्रत्येकाने आपल्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडायचा. पाणी किती हात आहे ते मोजायचे आणि चावडीच्या भिंतीवर नावासमोर आकडा लिहायचा. लिहिता आता सगळ्यांना येते. आकडे बघू, आणि मग यंदा ऊस किती लावायचा ते बसून ठरवू.