निवडीचा दिवस



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या द्वारसभांत, आणि गावच्या वाचनालयात, जेथे वर्गणी थकली तरी ग्रंथपालांनी आम्हांला कधी रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा विषय त्यांच्या मनात होता. आम्ही म्हटले, बोलू त्याच विषयावर, पण सुरुवात सिंहगडाच्या पायथ्यापासून करू. त्यांनी हसून होकार दिला. तेव्हा आता मधूनच उठून जाण्याची सोय तुम्हांला उरली नाही.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. पहाटे साडेपाचला आम्ही आतकरवाडीत उभे होतो. डोंगरवाटेवर धावण्याची एक शर्यत असते. सडकेवर नव्हे, पायवाटेने, दगडधोंड्यांतून, चढ चढून आणि उतार उतरून. तिला सगळे ट्रेल रनिंग म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने या प्रकाराला मान्यता दिली. जागतिक स्पर्धा होतात, २०२३ ची ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ झाली. तर अशा एका शर्यतीसाठी एक मंडळ चौघांचा संघ निवडणार होते. उमेदवार ३१, जागा ४. मुलींची निवड आठवडाभर आधीच उरकली होती.

आम्ही तेथे गेलो ते आमच्या वसाहतीतल्या एका मुलासाठी. वय बावीस, ठेकेदाराकडचा हेल्पर, मूळचा वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीचा. शाळा घाट उतरून होती, तेव्हा धावणे त्याला कुणी शिकवले नाही, उशीर झाला की आपोआप येई. त्याचे नाव येथे सांगत नाही. गोष्ट ठेकेदाराच्या कानावर जायला वेळ लागत नाही.

निवडीची रीत साधी होती. आतकरवाडीहून पुणे दरवाजापर्यंत चढायचे आणि परत खाली यायचे, अशा तीन फेऱ्या. वाट पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास, चढण सुमारे ६०० मीटरांची. तिन्ही फेऱ्या मिळून जवळजवळ १८०० मीटर चढायचे आणि तितकेच उतरायचे. वर दरवाजात एक पोऱ्या बसवला होता. जो पोचेल त्याच्या हातात तो एक रबरबँड चढवी. पहिल्या फेरीला लाल, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला पिवळा. खाली येऊन हात दाखवला की झाले. वाट अरुंद, म्हणून वर येणाराला उतरणाराने वाट द्यायची. नियम सगळ्यांना उभे करून मोठ्याने वाचून दाखवले, शंका विचारल्या, आणि मग कागद झाडाला टाचून ठेवला.

हे पाहून आम्हांला फार बरे वाटले. तीस वर्षे आम्ही मालकांपाशी हेच मागत आलो: बढतीचा नियम आधी सांगा, लिहून सांगा, भिंतीवर लावा. येथे तो न मागता मिळत होता. एक मुलगा दहा मिनिटे उशिरा मोटारीतून उतरला. त्याच्या वडिलांनी फोन कुणाकडे तरी लावला आणि निवड करणाऱ्या तरुणाच्या कानापाशी नेला. त्याने दोन शब्द ऐकले, "नाही, सर," म्हणाला आणि फोन परत दिला. वाटले, हा मनुष्य आमच्या करार समितीवर हवा होता.

आणखी एका गोष्टीचे नवल वाटले, ते घड्याळाचे. स्टॉपवॉच म्हटले की आमच्या अंगावर काटा येतो. तरुणपणी प्रेसवर काम करीत असता टाइम स्टडीवाला आमच्या मागे तासन्‌तास उभा असे. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने स्टॉपवॉच कामगाराच्या मागे उभे केले. त्याचे पुस्तक १९११ सालचे. ते मराठी-इंग्रजी कोश मांडीवर घेऊन आम्ही वाचले, शत्रूची विद्या म्हणून. त्या घड्याळाला तुमचे नाव ठाऊक नसे, फक्त नग ठाऊक असत. गडाच्या पायथ्याशी तेच घड्याळ आम्हांला सज्जन वाटले. त्याला वशिला कळत नव्हता.

थोडे मागे जाऊ. धावण्याच्या शर्यतीत आपल्या लोकांना नेहमीच असे दार उघडे होते असे नाही. १८६६ मध्ये लंडनात हौशी खेळाडूंचे एक मंडळ निघाले. हौशी कोण, याची त्याने जी व्याख्या केली तीत कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर यांना वगळले होते. मजुराचे हातपाय कामाने घट्ट झालेले, म्हणून सभ्य गृहस्थांना ती बरोबरी अन्यायाची वाटे! १८८० मध्ये नवी संघटना झाली तेव्हा ते कलम गेले. पण त्याच इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत धनगर आणि खाणकामगार बक्षिसाच्या पैशासाठी टेकड्या चढून उतरत होते, आणि आजच्या या डोंगरशर्यतींचे एक मूळ तेथे आहे. जॉस नेलर हा त्याच मुलखातला मेंढपाळ, २०२४ मध्ये वारला. १९७५ मध्ये त्याने २४ तासांच्या आत ७२ शिखरे पायांखाली घातली होती.

आपल्याकडची गोष्ट तर पुण्याची. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहायला अध्यक्ष दोराबजी टाटा बसले होते. धावणारी पोरे शेतकऱ्यांची, अनवाणी, अंगावर पुरेसे अन्न न लागलेली. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिकवणारे कुणी नव्हते. टाटांनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्या युरोपातल्या वेळांच्या जवळपास आहेत असे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी निवड झाली, टाटांनी पैशाची मदत केली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचे पथक गेले. त्यातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. घड्याळाने ती पोरे शोधली, हे खरे. पण घड्याळ पाहणारा मनुष्य खिशात हात घालणारा निघाला, हेही खरे. गोष्ट सांगताना हा दुसरा भाग आपण जरा भरभर सांगतो.

असो. साडेसहाला धाव सुटली. झुंजुमुंजू होते, डोक्याला बांधलेल्या बॅटऱ्यांची रांग झाडीत वर वर सरकताना दिसत होती. गडावर दही आणि ताक विकणाऱ्या बाया डोक्यावर ओझी घेऊन त्याच वाटेने निघाल्या होत्या. पोरे त्यांना ओलांडून जात. एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "एवढं पळून वर जाऊन लगीच खाली येत्यात. वर इसरलं काय त्यांचं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

पहिली फेरी आमच्या मुलाने ४३ मिनिटांत मारली. दुसरा क्रमांक. दुसरी ४५ मिनिटांत. अजून दुसराच. हातावर लाल आणि हिरवा रबरबँड, ओठ पांढरे. पाण्याचे दोन घोट घेऊन तो वळला तेव्हा आम्ही ओरडलो, तोंडातून आपसूक 'जिंदाबाद' निघाले. दुसऱ्या घोषणेची आम्हांला सवयच नाही. चार पोरे हसली.

तिसऱ्या फेरीला तो येईना. पहिला आला, दुसरा आला. आम्ही वाटेकडे डोळे लावून बसलो. शेजारी एक जाणता धावपटू होता. तो म्हणाला, "काका, चढाने माणूस दमतो, पण मोडतो उतारावर." उतरताना मांडीचा स्नायू आखडत नाही, भार पेलत ताणला जातो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावल्यासारखा. त्या ताणाने त्याचे बारीक तंतू तुटतात. चढ दमाने निभावतो, उतार मात्र आधीच्या रात्रीचा हिशेब मागतो.

आणि आधीच्या रात्रीचा हिशेब आम्हांला ठाऊक होता. शनिवारी तो दुसऱ्या पाळीला होता, तीन ते अकरा. अकराला मुकादमाने सांगितले, माणूस कमी आहे, थांब. तो तीनपर्यंत थांबला. बारा तास उभ्याने काम, नंतर दोन तास झोप, आणि मित्राच्या मोटारसायकलवर आतकरवाडी. 'नाही' म्हटले असते तर सोमवारी गेटवर त्याचे कार्ड लागले नसते. १९४८ च्या कारखाने कायद्याने २४० दिवस भरलेल्या कामगाराला, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, अशी भरपगारी रजा दिली होती. ठेकेदारांना २४० हा आकडा फार चांगला पाठ असतो. ते दिवस भरू देत नाहीत. मध्येच खंड पाडतात, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवतात. या मुलाचे तीन वर्षांत तीन मालक झाले, यंत्र एकच.

आता जे सांगायचे ते जरा जड जाते. तो महिनाभर आधी आमच्याकडे आला होता. "अण्णा, त्या शनिवारची पाळी तेवढी बदलून द्या, बाकी मी बघतो," एवढेच त्याचे मागणे. आम्ही म्हटले, "तू पळायचं बघ. मॅनेजरशी आम्ही बोलतो." मग पगारवाढीच्या कराराच्या बैठका लागल्या. कायम कामगारांचा करार, चार वर्षांचा, त्यातले एकेक कलम आम्ही दाताने ओढून आणत होतो. या पोराची गोष्ट मनातून गेली. मॅनेजरसमोर आम्ही त्या महिन्यात सहा वेळा बसलो, चहा सहा वेळा घेतला, आणि ते एक वाक्य एकदाही तोंडातून निघाले नाही. मागणीपत्रात नव्हते ना ते! तो आमचा सभासद नव्हता. कंत्राटी कामगाराला आमच्या युनियनचे सभासदत्व नाही, घटनेतच तसे आहे. घटना लिहिली तेव्हा त्या समितीत आम्हीही होतो.

दोन तास चोवीस मिनिटांनी तो आला. उतारावर पायात गोळे आले होते, शेवटचा टप्पा तो आडवा चालत, झुडपांना धरत उतरला होता. पाचवा. चौथ्याची वेळ २ तास २२ मिनिटे.

मग आम्ही जे केले ते ऐका. आम्ही निवड करणाऱ्या त्या तरुणाला बाजूला घेतले आणि पोराची रात्र त्याला सांगितली. बारा तासांची पाळी, दोन तासांची झोप. म्हटले, दोनच मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्याने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "काका, चौथा आलेला मुलगा रोज पहाटे तीनला उठून दूध घालतो. आजही घालून आलाय. त्याला काय सांगू?"

श्रोतेहो, आयुष्यभर आम्ही वशिल्याविरुद्ध भाषणे केली. त्या दिवशी वशिला आमच्याच तोंडून निघाला होता, आणि ठेकेदारापाशी जी हिंमत दाखवायची ती आम्ही एका प्रामाणिक पोरापाशी दाखवत होतो. मोटारीतल्या बापात आणि आमच्यात फरक एवढाच की त्याच्याजवळ फोन लावायला कुणीतरी होते.

त्या तरुणाने आणखी एक माहिती दिली. जागतिक स्पर्धेत देशाचा क्रमांक ठरवताना संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज करतात. म्हणजे पहिला कितीही पुढे गेला तरी तिसरा खाली येईपर्यंत संघाचा निकाल लागत नाही. आम्ही ते वहीत टिपून घेतले. आमच्या संघटनेत आम्ही पहिल्याची वेळ लावून घड्याळ बंद करतो, असे त्याच पानावर खाली लिहिले आहे.

परतताना मुलगा काही बोलला नाही. खडकवासल्यापाशी म्हणाला, "अण्णा, मला घरी नको, गेटवर सोडा. तीनची पाळी हाय, तवर झाडाखाली पडतो." आम्ही म्हटले, "आज नको जाऊ." तो म्हणाला, "आज खाडा झाला तर पुढच्या निवडीला बूट कशानं घेऊ?" डोंगरात धावायचे साधे बूट घ्यायचे तर त्याची दहाबारा दिवसांची मजुरी जाते. त्या सकाळी तो उसन्या बुटांत धावला होता, एक नंबर मोठ्या.

जानेवारी २०२५ च्या कार्यकारिणीत आम्ही ठराव मांडला: कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यावे, घटना दुरुस्त करावी. जुने सहकारी उठले. "आपल्याच पोरांच्या जागा जातील," म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ठेकेदारीने त्यांच्या पोटाला चिमटा बसलेला आहे. दोन बैठका भांडणात गेल्या. ठराव पडला नाही, पण मंजूरही झाला नाही; पुढच्या सर्वसाधारण सभेकडे ढकलला आहे. सभा ऑगस्टमध्ये आहे.

पुढची निवड १ जूनला आहे. या वेळी आम्ही मॅनेजरकडे गेलो ते फक्त त्याच कामासाठी, चहा न घेता. ३१ मेच्या शनिवारी त्याला पहिली पाळी आणि जादा काम नाही, असा दोन ओळींचा कागद लिहून नेला, ठेकेदाराची सही घेतली, खाली तारीख घालायला लावली. एक प्रत मुलाकडे दिली. दुसरी या घडीला आमच्या सदऱ्याच्या खिशात आहे.